कमानीवरचा मासा, पाण्यातला मासा

लखनौ शहरात मासा पाहण्यासाठी नदीवर जावे लागत नाही. मान वर केली की पुरे. बड्या इमामबाड्याच्या प्रवेशद्वारावर, कैसरबागेच्या पिवळ्या कमानींवर, जुन्या हवेल्यांच्या दारांवर माशांच्या जोड्या कोरलेल्या दिसतात. कुठे त्यांची शेपटी वेलीसारखी वळलेली असते, तर कुठे कमरेवरचा देह स्त्रीचा आणि खालचा माशाचा असतो. उन्हापावसाने चुना झडला, रंग उडाला, तरी त्या जोड्या समोरासमोर तशाच उभ्या आहेत.

या माशांची एक दंतकथा सांगितली जाते. सआदत खान बुर्हान-उल-मुल्क हा १७२२ मध्ये अवधचा सुभेदार म्हणून येत असताना त्याची नाव गंगेच्या पात्रात होती. तेवढ्यात पाण्यातून एका माशाने उडी घेतली आणि तो थेट त्याच्या मांडीवर येऊन पडला. हा शुभशकुन मानून अवधच्या नवाबांनी मासा आपले चिन्ह केला. इतिहासाचे अभ्यासक मुघल दरबारच्या ‘माही मरातिब’ या मानचिन्हाकडेही बोट दाखवतात. त्या मानचिन्हात माशाची आकृती मिरवली जात असे. शिवाय नवाबांच्याही आधीपासून लखनौत शेखजाद्यांचा ‘मच्छी भवन’ नावाचा किल्ला होता. १८५७ च्या उठावात इंग्रजांनी तो स्वतःच सुरुंग लावून उडवला आणि पुढे त्या परिसरात वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. किल्ला गेला, नवाबी गेली, पण मासे राहिले. उत्तर प्रदेश राज्याच्या राजमुद्रेत आजही दोन मासे आहेत.

कमानीवरच्या माशाची जात कोणती, हे दगड सांगत नाही. भरदार अंग आणि ठळक खवले पाहून पाहणाऱ्याच्या मनात मात्र रोहूच येतो. गंगेच्या खोऱ्यात मासा म्हटला की रोहू, हे समीकरणच आहे. दगडातला हा मासा दोनशे वर्षांत बदलला नाही. पाण्यातला मासा मात्र गेल्या साठ-सत्तर वर्षांत पुष्कळ बदलला. तो बदल ज्यांना पुस्तकातून नव्हे तर हाताला लागलेल्या ओढीवरून कळतो, ती माणसे म्हणजे नदीकाठी गळ टाकून बसणारी माणसे.

गोमती ही हिमालयाच्या बर्फावर पोसलेली नदी नाही. पिलिभीत जिल्ह्यातील माधोटांडा येथील एका तळ्यातून ती उगम पावते आणि भूगर्भातील झरे व पाऊस यांच्या बळावर साडेनऊशे किलोमीटरांच्या आसपास वाहत जाऊन कैथी येथे गंगेला मिळते. तिची चाल संथ आहे. लखनौ शहरात शिरण्यापूर्वी गऊघाटाजवळ तिचे पाणी पिण्यासाठी उचलले जाते. त्यानंतर शहराचे नाले एकामागून एक तिच्यात उतरतात. खालच्या अंगाला बंधारा आहे, त्यामुळे पाणी आणखीच तुंबून राहते. शहरात येणारी आणि शहरातून जाणारी नदी यांचे नाव एक आहे, पाणी एक नाही. म्हणून जाणता गळवाला शहराच्या वरच्या अंगाला जातो. तिथे काठावर बाभळी असतात, नदीला वळण असते आणि वळणाच्या पोटात खोल डोह असतो.

त्याचे सामान मोजके असते. बांबूची किंवा अलीकडे फायबरची काठी, दोरी, गळ, मोराच्या पिसाच्या दांड्याचा तरंगता खुणेचा तुकडा आणि डब्यात मळलेली कणीक. या कणकेत प्रत्येकाचे काही गुपित असते. कोणी भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ घालतो, कोणी मोहरीची पेंड, कोणी थोडा मध. विचारले तर कोणीच पूर्ण सांगत नाही. बाकी सगळा खेळ थांबण्याचा असतो. रोहूच्या जबड्यात दात नसतात. त्याचे दात घशात असतात. झालरीसारख्या ओठांनी तो आमिष आधी चाचपतो, सोडतो, पुन्हा येतो. पाण्यावरचा पिसाचा दांडा किंचित थरथरतो, एवढाच निरोप वर पोहोचतो. या थरथरीला जो हिसका देतो, त्याच्या हाती रिकामा गळ येतो. दांडा तिरका होऊन सरळ पाण्याखाली जाईपर्यंत जो श्वास रोखून धरतो, त्यालाच मासा लागतो. मग मात्र चार किलोंचा रोहू माणसाला काठावरून दहा पावले धावायला लावतो.

गंमत अशी की, शहरातील घाटांवर भाविकही कणकेच्याच गोळ्या घेऊन येतात. माशांना खाऊ घातले की पुण्य लागते, ही भावना उत्तरेत आहे तशी महाराष्ट्रातही आहे. महाडजवळच्या वाळणकोंडीतील माशांना भाविक खाऊ घालतात आणि तिथला मासा कोणी धरत नाही. पीठ तेच, पाणीही तेच. एका गोळीत गळ असतो आणि दुसरीत नसतो. मासा त्यांतली कोणती गोळी निवडतो, यावर त्याचे त्या दिवशीचे भवितव्य ठरते.

गळाने मासे धरण्याची ही विद्या फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी माणसाला हा ग्रंथ ठाऊक असतो तो वेगळ्या कारणाने. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. त्याच ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे मनोरंजनांमध्ये, ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. माशांच्या जाती, कोणत्या जातीला कोणते खाद्य घालावे, दोरी आणि काठी कशी असावी, अशा गोष्टी त्यात तपशिलाने आल्या आहेत. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकात या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. राजाला राज्यकारभारातून हा वेळ कसा मिळत असे, हा प्रश्न निराळा. पण माशाला ओळखल्याशिवाय त्याला धरता येत नाही, हे त्याला नेमके कळले होते.

रोहूला ओळखायचे तर त्याचा पावसाळा ओळखला पाहिजे. रोहू, कटला आणि मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातील तीन मोठे कार्प मासे. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. एका घरात तीन मजल्यांवर तीन कुटुंबांनी राहावे तसे ते राहतात. त्यांचे एक व्रत मात्र समान आहे. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. आषाढ-श्रावणात नदीला पूर आला, पाणी काठ सोडून शेतांत पसरले, गढूळ आणि गार झाले, की मगच त्यांची मादी अंडी सोडते. ती अंडी कशालाही चिकटत नाहीत. प्रवाहाबरोबर तरंगत जातात आणि पूर त्यांना उथळ, खाद्याने भरलेल्या पाण्यात नेऊन पोहोचवतो. म्हणून पूर्वी तळ्यात रोहू वाढवायचा तर त्याचे बीज नदीतूनच गोळा करून आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पोषग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावले, तेव्हा ही अडचण सुटली. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो.

योगायोग असा की, त्याच १९५७ मध्ये बँकॉकहून एक पाहुणा भारतात आणला गेला. त्याचे नाव कॉमन कार्प. महाराष्ट्रातील शेततळ्यांवर आणि बाजारात त्याला ‘सायप्रिनस’ म्हणतात. त्याची एक युरोपीय जात १९३९ मध्येच श्रीलंकेतून निलगिरीच्या थंड पाण्यात आली होती. बँकॉकची जात मात्र मैदानी, उष्ण प्रदेशाला मानवणारी निघाली. पुढे चीनमधील चंदेरी कार्प आणि गवत्या कार्पही आले. हे मासे आणणाऱ्यांचा हेतू वाईट होता, असे कोणी म्हणू नये. देशात अन्नाचा तुटवडा होता. तीन देशी आणि तीन परदेशी मासे एकत्र वाढवण्याच्या पद्धतीने गावोगावच्या तळ्यांचे उत्पन्न वाढले आणि लाखो ताटांत प्रथिने आली. चूक झाली ती कुंपणाची. तळ्याला बांध असतो, पण पुराला तो बांध ठाऊक नसतो. तळी फुटली, ओसंडली, आणि पाहुणा नदीत शिरला.

नदीत त्याने जम कसा बसवला, हे समजून घेण्यासारखे आहे. कॉमन कार्पला अंडी घालण्यासाठी पूर लागत नाही. साचलेले, शांत पाणी आणि थोडे पाणगवत मिळाले की झाले. त्याची अंडी चिकट असतात, ती गवताला धरून राहतात. भारताच्या उष्ण हवेत तो वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा अंडी घालतो. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तरी तग धरतो. तळाचा चिखल तोंडाने उकरून खातो आणि तसे करताना पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटून टाकतो. बंधाऱ्यांनी अडवलेली, काठ बांधून काढलेली, सांडपाण्याने जड झालेली नदी रोहूला परकी वाटते, तीच या पाहुण्याला घरासारखी भासते. माणसाने नदीचे तळे केले आणि तळ्याचा मासा नदीचा मालक झाला. गंगेवर प्रयागराज येथे केंद्रीय अंतर्देशीय मात्स्यिकी संशोधन संस्थेने १९५० च्या दशकापासून माशांच्या उत्पन्नाच्या नोंदी ठेवल्या आहेत. त्यांत रोहू-कटल्याचा वाटा घटत गेलेला आणि परदेशी माशांचा वाढत गेलेला स्पष्ट दिसतो. नदीवर पोट असणाऱ्या निषाद-मल्लाहांच्या दृष्टीने ही केवळ शास्त्रीय नोंद नव्हे. बाजारात रोहूला जो मान आणि भाव आहे, तो कॉमन कार्पला नाही. टोपलीचे वजन तेवढेच राहिले तरी घरी येणारे पैसे कमी होतात.

याच कार्प कुळातला एक नातेवाईक शहरातील घराघरांत काचेच्या भांड्यात फिरत असतो. तो म्हणजे गोल्डफिश, सोनेरी मासा. त्याचा मूळ पुरुष चीनमधील साध्या मातकट रंगाचा लहान कार्प. हजार वर्षांपूर्वी सोंग राजवटीच्या काळात अशा माशांत कधी कधी लालसर, सोनेरी पिल्लू निपजे. बौद्ध भाविक त्याला मारत नसत. जीवदानाचे पुण्य म्हणून विहारांच्या तळ्यांत ते सोडत. त्या दयेच्या तळ्यांत सोनेरी मासे साठत गेले, त्यांची आपापसांत पैदास झाली, आणि पुढे शौकिनांनी निवड करून करून त्यांना आजचे रूप दिले. सोनेरी माशाचा जन्म असा दयेच्या पाण्यात झाला.

गोल्डफिश भांड्याच्या मापाने वाढतो, असा एक समज रूढ आहे. तो खरा नाही. अपुऱ्या आणि घाण पाण्यात तो खुरटतो, आजारी पडतो आणि बहुधा अकाली मरतो. मोकळ्या पाण्यात तो हातभर लांब होऊ शकतो. या ठिकाणी मनूची पुराणकथा आठवते. मनूच्या ओंजळीत आलेला इवलासा मासा वाढत गेला. भांड्यात मावेना म्हणून मनूने त्याला तळ्यात नेले, तळ्यातून गंगेत आणि गंगेतून समुद्रात. त्या माशाने पुढे प्रलयात मनूची नाव ओढली. घराघरांतील आधुनिक मनूही तेच करतो. मासा वाढला, भांडे लहान पडले, बदली झाली, मुलांचा उत्साह ओसरला. मग एका संध्याकाळी प्लास्टिकच्या पिशवीतून मासा नदीकाठी आणला जातो आणि ‘जा, मोकळा हो’ म्हणून सोडला जातो. सोडणाऱ्याच्या मनात अपराधाची भावना नसते, उलट समाधान असते. मात्र पुराणातला मासा स्वतः बोलला होता आणि आपण कोण हे त्याने सांगितले होते. पिशवीतला मासा बोलत नाही.

मोकळ्या पाण्यात पडलेल्या सोनेरी माशापुढे दोन वाटा असतात. त्याचा रंग दुरून दिसतो, म्हणून खंड्या, बगळा किंवा मरळ मासा त्याला लवकर टिपतो. यातून जो वाचतो, तो गुपचूप वाढतो. गोल्डफिशची पिल्ले जन्मतः मातकटच असतात, सोनेरी रंग पुढे चढतो. रानातल्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या सोनेरी मारले जातात आणि मातकट उरतात, त्यामुळे चार पिढ्यांनी हजार वर्षांचे सोने उतरून जाते. थंड प्रदेशात तळी वरून गोठली आणि पाण्यातला प्राणवायू संपला, तरी हा मासा मरत नाही. तो शरीरातील आम्लाचे मद्यार्कात रूपांतर करून ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. ही किमया नेमकी कशी घडते, हे ऑस्लो आणि लिव्हरपूल येथील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये उलगडले. २०२१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बर्न्सव्हिल या गावाच्या नगरपालिकेला लोकांना जाहीर विनंती करावी लागली की, घरचे गोल्डफिश तळ्यात सोडू नका. तिथल्या तळ्यातून जाळ्यात आलेले मासे फुटबॉलएवढे होते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील व्हॅस नदीत सोडलेल्या माशांचीही अशीच वाढ झाली. भारतात हा धडा दुसऱ्या एका शोभेच्या माशाने दिला आहे. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून घरी आणला जाणारा, अंगावर चिलखत असणारा अमेरिकी मासा २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत सापडला, तेव्हा त्याला काय म्हणावे हे धरणाऱ्यांना कळेना.

गळाला लागलेला मासा कोण, हे ओळखणे अवघड नाही. कॉमन कार्पच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात. गोल्डफिशला मिशा अजिबात नसतात, मग त्याचा रंग कोणताही असो. दोघांच्याही पाठीवरच्या पराच्या पुढे करवतीसारखा दातेरी, टणक काटा असतो. रोहूच्या परात तसा काटा नसतो. बोट हलकेच फिरवले की अंधारातही कळते. जोराने फिरवले तर अधिक चांगले कळते, पण त्याची शिफारस करता येणार नाही.

ओळख पटल्यावर खरा पेच उभा राहतो. गळाच्या छंदात एक सभ्य संकेत जगभर रुळला आहे: मासा धरावा, पाहावा, छायाचित्र घ्यावे आणि पुन्हा पाण्यात सोडावा. इंग्लंड-फ्रान्समध्ये कार्प धरणारे हा संकेत फार निष्ठेने पाळतात. २०२२ मध्ये फ्रान्समधील एका तळ्यात तीस किलोंचा नारिंगी मासा गळाला लागला. जगभर त्याची ‘महाकाय गोल्डफिश’ म्हणून वाहवा झाली. वस्तुतः तो कार्पच्या दोन जातींचा संकर होता. त्यालाही पुन्हा पाण्यात सोडण्यात आले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात मात्र कायदा नेमका उलट आहे. तिथे धरलेला कार्प जिवंत परत सोडणे हाच गुन्हा आहे. एका देशात जी दया, ती दुसऱ्या देशात दंडाला पात्र. दोन्ही देश आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण पाणी निराळे आहे.

लखनौतल्या गळवाल्याला यांतली कोणती रीत लागू? उत्तरासाठी त्याला दूर जायला नको. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही १९८३ मध्ये स्थापन झालेली संस्था याच शहरात आहे. देशातील माशांच्या जातींची नोंद आणि जतन हे तिचे काम. परदेशी माशांनी गंगा-यमुनेत किती शिरकाव केला, याचा अभ्यास तिथल्या शास्त्रज्ञांनी केला आहे. देशी माशांपैकी चितळ हा उत्तर प्रदेशचा राज्यमासा ठरला आहे. शास्त्रज्ञांचे सांगणे साधे आहे. घरचा मासा नको झाला तर तो दुकानदाराला परत द्यावा, ओळखीच्यांना द्यावा, पण नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नये. नदीतून आलेला परदेशी मासा पुन्हा नदीत टाकू नये.

काठावरच्या माणसाला हे कोणी सांगितले असो वा नसो, त्याचे हात ते करू लागले आहेत. दोन जोड्या मिशांचा मासा पिशवीत जातो. त्याच्या मांसात बारीक दुशाखी काटे फार, म्हणून घरची मंडळी कुरकुर करतात. मग त्याला आडव्या बारीक चिरा देऊन, मोहरीच्या वाटणात मुरवून कडक तळले जाते, म्हणजे काटे चावून खाता येतात. ज्येष्ठाच्या अखेरीस, पावसाळ्यातील मासेबंदी लागू होण्याआधीच्या दिवसांत, कधी गळाला जड, पोट टपोरलेली रोहूची मादी येते. तिच्या पोटात लाखो अंडी असतात. बाजारात अशा मासोळीला गिऱ्हाईक लगेच मिळते. तो माणूस ओल्या हातांनी तिच्या ओठातला गळ काढतो, प्रवाहाकडे तोंड करून तिला थोडा वेळ पाण्यात धरून ठेवतो, कल्ले नीट हलू लागले की हात सैल करतो, आणि डब्यातली उरलेली कणीक चाचपून पाहतो.